नव्या डब्यावरची आडवी गिटार

यादव भोये गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतो. उभी धरून कंबर हलवणारे गिटारवाले वेगळे, हा वेगळा. डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून तार छेडायची. कांडी सरकेल तसा सूर सरकतो. त्याला पायऱ्या नाहीत, उतार आहे. म्हणून ती गिटार बाईमाणसासारखी बोलते, हेल काढते, मध्येच हुंदकाही देते. नाशकातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हा बाज जुनाट वाटतो. वाटू दे. त्यांना विचारून पेठ तालुक्यात लग्नं लागत नाहीत.

यादव मूळचा करंजाळीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. भात-नागलीची कामं उरकली की सगळं घर द्राक्षाच्या बागांत मजुरीला खाली उतरायचं, तसा तोही पोरवयात उतरला आणि नाशकातच राहिला. पेठ रोडला आधी पत्र्याची खोली, मग पक्की. एरवी इमारतींना रंग मारायचा आणि लग्नसराईत शेखर म्युझिकल पार्टीत वाजवायचं. गिटार कुणी शिकवली म्हणून विचारलं की तो तडकतो. "शिकवायला कोण येणार होतं? रेडिओ ऐकला, हात चालवला." त्याचं तडकणं बरोबर आहे. स्वतःच्या जिवावर शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारूच नये. त्यात समोरच्याचं आश्चर्य असतं, आणि ते कौतुकाचं नसतं.

त्याच्या भागात लग्न लावते ती धवलेरी. गाणं म्हणत म्हणतच ती लग्न पुढे नेते, आणि तिचं गाणं संपल्याशिवाय कुणी नवरा-नवरीला जागचं हलवत नाही. त्या आठ-दहा पाड्यांची धवलेरी नवसाबाई. वय झालेलं, अंग वाळलेलं, पण गळा अजून टणक. यादव तिच्यासोबत वाजवायला लागल्यापासून एक रीत पडून गेली होती. नवसाबाईनं एक ओळ म्हणायची, गिटारनं जबाब म्हणून तीच ओळ परत म्हणायची, आणि शेवटचा सूर लांबवून धरायचा. तो सूर चालू असतो तेवढीच नवसाबाईची उसंत. तेवढ्यात ती श्वास भरते, पदर सारखा करते, पुढची ओळ मनात आणते. म्हातारीच्या छातीला जो टेकू लागतो तो यादवच्या सुराचा.

आणि यंदा तोच टेकू मोडला.

झालं असं. यादवचा अँप्लिफायर होता व्हॉल्व्हचा. बंद पडलेल्या तंबू टॉकीजचं सामान एका कारागिरानं जोडून दिलेलं, वजनाला कांद्याच्या गोणीसारखं. चालू केलं की आधी काचेच्या नळ्या लाल होणार, मग एक घुमारा निघणार, आणि मग कुठं ते बोलायला तयार होणार. सावळघाटाच्या वळणांत त्यातली नळी एकदा नाही, कितीदा तरी फुटली. त्यात पार्टीचा मालक शेखर, त्यानं या वर्षी टेम्पोवर जनरेटर काढून बॅटरी-इन्व्हर्टर बसवला. म्हणाला, "यादवभाऊ, तुमचा तो बंब माझी सगळी बॅटरी पिऊन टाकतो. आता पार्टीत एकच डबा. नवा." नवा डबा हलका, काळा, चौकोनी. बटण दाबलं की तयार.

पहिल्याच लग्नात नव्या डब्यानं घात केला. नवसाबाईची ओळ झाली, यादवनं जबाब दिला, शेवटचा सूर छेडला, आणि तो सूर ठण्णकन वाजून जागच्या जागी विझला. नवसाबाई श्वास भरतेय तोवर खाली शांतता. तिनं घाईनं पुढची ओळ उचलली, पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीला तिला ठसका लागला आणि गाणं मध्येच थांबलं. भर मांडवात ती वळून म्हणाली, "यादव, तुझी गिटार मेली काय रं?"

मांडव हसला. यादवच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत शेखरनं विषय काढला. माणूस वाईट नाही, पण धंदा म्हटला की त्याला नातं दिसत नाही. "पुढच्या लग्नालाही हे असं झालं तर जबाब कॅसिओवर देऊ. त्याची पट्टी दाबून धरली की म्हातारी झोपून उठेपर्यंत सूर चालतो."

"आणि मी?"

"तुम्ही वरातीला ताल धरा ना. टाळ-बिळ."

यादवनं गिटार मांडीवर ओढून घेतली. तोंड उघडलं असतं तर टेम्पोतून एक जण खाली गेला असता, आणि तो यादव नसता.

घरी आल्यावर त्यानं पहिली जी चूक केली ती कुणीही केली असती. आवाज टिकत नाही तर जोर लावा! शेखरकडून मागून आणलेला तो नवा डबा समोर ठेवून तो तारा अशा ओढायला लागला की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं भिंत ठोकली. जितका जोर, तितका सुरुवातीचा फटका मोठा, आणि फटक्यामागचा सूर तितकाच खुजा. बायको सरिता भाकरी थापता थापता म्हणाली, "गिटार वाजवतोस का धुणं आपटतोस?" त्याच वेळी एक तार तुटली आणि त्याच्या मनगटावर सपकन बसली. सरितेनं भाकरी उलटली. "घे. तिलाबी पटलं माझं."

मग त्यानं कोपऱ्यातला जुना बंब ओढून काढला, नळ्या तापू दिल्या, तुटलेली तार बदलली आणि ती त्याच जोरानं छेडली. जुन्या डब्यात फटका आलाच नाही! आवाज आधी खाली बसल्यासारखा झाला, आणि तार थकत चालली तसा डबा तिला मागून ढकलून वर काढू लागला. सूर फुगला, पसरला, सावकाश गेला. हे तो किती वर्षं ऐकत होता, पण हे डबा करतोय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याला वाटायचं, हे आपल्या हाताचं. आता त्याला राग यावा की गंमत वाटावी ते कळेना. आपला हात आणि डब्याचा हात, सीमा कुठली? जमिनीचा वाद असता तर मोजणीवाला बोलावला असता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ललितला बोलावलं. ललित म्हणजे पार्टीतला उभा गिटारवाला. ओझरला कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला, सुट्टीला वरातीत वाजवणारा. त्याचा हात म्हणजे कोयता. पत्तीनं सपासप तारा छाटत जायचं आणि त्यावर सगळी वरात नाचवायची. नव्या डब्यावर तो खूश होता, आणि तेच यादवला खुपत होतं.

"काका, हा डबा बेस्ट आहे. बोट उचललं की आवाज बंद, ठेवलं की चालू."

"आता यावर वाजव," यादवनं जुन्या बंबाकडं बोट केलं.

ललितनं वरातीची लय धरली. चार फटके ठीक गेले. मग पहिल्या फटक्याचा आवाज संपायच्या आत दुसरा आला, दुसऱ्यावर तिसरा चढला, आणि सगळा चिखल झाला. जणू रानात बैल हाकतोय आणि पाय गाळात रुततायत.

"काका, हा मागून बोलतो. मी पुढं गेलो तरी हा आपला अजून मागच्यालाच निरोप देतोय."

"दाबलास की दबतो, म्हणून," यादव म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्वतःच थबकला. "नवा दबत नाय. तू दिलेलं तसंच्या तसं फेकतो तोंडावर."

"म्हणजे हा उशी आणि तो फरशी."

"फरशीच. तुझ्या वरातीला नाचायला फरशीच पायजे. गादीवर कोण नाचतं?" यादव हसला. भांडायला बोलावलेल्या माणसाबरोबर तो आता मांडी घालून बसला होता. "पण मला निजायला गादी पायजे ना रं. फरशीवर निजायचं कसं?"

ललितनं गिटार खाली ठेवली. प्रश्न आता नीट उभा राहिला होता. आपल्याकडं लोक उत्तराच्या मागं जीव टाकतात, प्रश्न नीट उभा करायला कुणाला सवड नसते. डबा चोर नाही, हात मेलेला नाही. हात एका तऱ्हेचा, डबा दुसऱ्या तऱ्हेचा, आणि दोघांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

यादव मेन रोडला वाद्यांच्या दुकानात गेला. रंगाचे डाग पडलेली पँट बघून दुकानदार जागचा उठला नाही. यादवनं एकेक डबा चालू करायला लावला, एकेक तार छेडली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "हा दाबला तर दबतो का?"

"दबतो म्हणजे?"

"म्हणजे वरून जोर दिला तर आधी खाली बसतो, मंग हळूच वर येतो का?"

दुकानदारानं चष्मा काढला. "काका, गादीचं दुकान पुढच्या गल्लीत आहे."

एरवी यादवनं त्याला दुकानासकट गोदावरीत बुडवला असता. पण त्या दिवशी त्याला भांडायला वेळ नव्हता. एक डबा असा निघाला की त्यात जुन्या व्हॉल्व्हवाल्या डब्यांची नक्कल भरलेली. यादवनं छेडून पाहिलं. बरा होता, खरंच बरा होता. पण शेखर तो टेम्पोवर चढवणार नव्हता, आणि लग्न परवावर आलं होतं. त्यानं हात जोडले आणि बाहेर पडला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पेठला वनहक्काच्या दाव्यांची सभा होती. जमिनी कसणाऱ्यांचे कागद कुठल्या टेबलावर अडलेत ते विचारायला सगळे पाडे खाली उतरले होते. यादवचा भाऊबंदही होता, आणि सभेच्या आधी गाणं म्हणायला नवसाबाई येणार होती. यादव गेला तो दाव्यासाठी नाही. बाईला तोंडावर विचारायचं होतं: भर मांडवात बोललीस ते बोललीस, पण इतक्या वर्षांचा जबाब एका दिवसात विसरलीस?

मांडवाखाली उभं राहून तो तिचं गाणं संपायची वाट बघत होता. गाणाऱ्या बाईला थांबवत नाहीत, एवढी रीत रागातही पाळावी लागते. नवसाबाईच्या हातात माईक होता. हळू ओळ आली, माईक ओठाशी. ओळ वर चढली, तिचा हात आपोआप लांब गेला, पार छातीपासून हातभर. यादवनं हे शंभरदा पाहिलं असेल. म्हातारीची लकब म्हणून सोडून दिलं असेल. आज तो दुसरंच काहीतरी बघत होता. ओळीच्या शेवटी तिचा श्वास संपत आला, गळ्याची शीर दिसायला लागली, आवाज बारीक झाला, आणि त्याच वेळी माईक इंच इंच करत ओठाकडं परत येत होता. मांडवात मागं बसलेल्या माणसाला सूर बारीक झाल्याचं कळलंसुद्धा नाही. तिचा श्वास संपला, सूर संपला नव्हता.

यादवचं तोंड उघडं राहिलं. भाऊबंदानं विचारलं, "काय रं, भूत पाहिलंस?"

गाणं झाल्यावर तो तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला. भांडण कुठं ठेवलं होतं तेच आठवेना. "नवसाबाय, माईक असा मागंपुढं कशाला करतीस?"

"कशाला म्हंजी?" तिनं तंबाखू मळत विचारलं. "पयल्यांदा दिला तव्हा मी आपली धरून गायले. वर चढले का भोंगा किंचाळायचा, खाली आले का कुणाला आईकाया यायचं नाय. पोरं हसायची. मी काय भोंग्याला शिकवू? त्याला कान हाय? हाताला शिकवलं."

"किती दिवस लागले?"

"तुझ्यावानी भांडाया आले नाय मी कुणाशी, म्हनून लवकर झालं." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "भांडायाच आलतास ना?"

"नाय... हो." यादव म्हणता म्हणता उठलाच.

"मंग भांड. का जातोस?"

तो गेलाच. नाशकाची जीप पकडून थेट घर गाठलं. गिटारवर आवाज कमीजास्त करायचा एक गोल, फिरवायचा खटका असतो. यादवनं तो कायम पूर्ण उघडा ठेवलेला, इतका की त्यावर धुळीचा थर बसलेला. जुन्या डब्यावर त्याला हात लावायची गरजच पडली नव्हती. माईक मागंपुढं करायचं काम तो डबाच करत होता. आता ते काम उजव्या करंगळीचं. खटका अर्ध्यावर ठेवायचा, तार हलकी छेडायची, म्हणजे सुरुवातीचा फटका बसत नाही. आणि तार थकायला लागली की करंगळीनं खटका उघडत न्यायचा. तार खाली चाललेली, खटका वर. ऐकणाऱ्याला सूर सपाट.

सांगायला सोपं. त्याची करंगळी रंगाच्या डब्याची कडी धरून धरून वाकडी झालेली. खटका फिरता फिरता खरखर करायचा आणि बोटाखालून निसटायचा. सायकलच्या ट्यूबची चकती कापून त्यानं खटक्याला घट्ट बसवली, तेव्हा पकड आली. मग दुसरी अडचण. करंगळीकडं लक्ष दिलं की कांडी घसरायची, कांडीकडं दिलं की करंगळी झोपायची. आणि खटका फार उघडला की डबा शिट्टी मारायचा.

सरिता दारात बसून तांदूळ निवडत होती. सुपातला तिचा हात थांबला, म्हणजे ती ऐकतेय हे यादवला ठाऊक होतं. शेवटी म्हणाली, "आधी आपटत व्हतास. आता पोराला पाळण्यात घातल्यावानी करतोस."

"बरं वाटतंय?"

"मधीच पाळणा भिंतीला धडकतोय. पण हां."

लग्नाच्या दिवशी शेखरनं कॅसिओ गिटारच्या शेजारी मांडून ठेवला. कॅसिओवाला बाह्या दुमडून बसला होता. शेखर म्हणाला, "यादवभाऊ, तीन ओळी बघू. नाही जमलं तर हा उचलेल. मांडवात खोळंबा नको." तीन ओळी! तरी यादवनं मान हलवली, कारण नाही म्हणायला त्याच्याजवळ सूर सोडून दुसरं काही नव्हतं.

नवसाबाई उभी राहिली. पहिली ओळ म्हटली. यादवनं जबाब दिला, शेवटचा सूर हलका छेडला आणि करंगळी घामानं घसरली. सूर आला तो उशिरा, दार उघडायला विसरलेल्या माणसासारखा. नवसाबाईची भुवई वर गेली. कॅसिओवाल्यानं बोटं पट्ट्यांवर ठेवली. ललितनं मागून त्याच्या मनगटाला नुसता हात लावला आणि म्हणाला, "थांब रे. अजून दोन आहेत."

यादवनं करंगळी शर्टाला पुसली.

दुसरी ओळ. सूर निघाला, बुडायला लागला, करंगळीनं तो झेलला. जरा जास्तच झेलला. मध्ये एक फुगवटा आला, विहिरीतून कळशी ओढताना हिसका बसावा तसा. पण सूर उभा राहिला. नवसाबाईनं श्वास घेतला. अर्धा का होईना, घेतला.

तिसरी ओळ लांब होती. यादवनं डोळे मिटले. डोळ्यांपुढं त्याला गिटार दिसत नव्हती, माईक धरलेला तो वाळका हात दिसत होता, लांबून ओठाकडं सावकाश येणारा. करंगळी त्या हातामागून चालली. सूर तसाच, पातळ न होता, घाई न करता. नवसाबाईनं छातीभर श्वास घेतला. पदर सारखा केला. मग, खोडी म्हणून की पारख म्हणून कोण जाणे, ती थांबलीच. पुढची ओळ उचलीना. मांडव तिच्याकडं बघतोय, शेखर यादवकडं बघतोय, यादव कुणाकडंच बघत नाहीये. खटका शेवटाला येत चालला. त्यानं कांडी हलकेच थरथरवली, तारेत उरलंसुरलं होतं तेही वर आलं. जुन्या डब्यानं हे इतकं लांब नेलं नसतं, हे त्याला त्या क्षणीच कळलं, आणि कळल्याचं नवल करायलाही सवड नव्हती.

खटका संपायच्या बेतात नवसाबाईनं ओळ उचलली.

शेखर कॅसिओवाल्याला काहीतरी म्हणाला. त्यानं बाह्या खाली सोडल्या आणि तो चहा बघायला गेला.

गाणं उरकलं, लग्न लागलं, बायका उठायला लागल्या. नवसाबाई मात्र उठली नाही. तिनं चटईवर मांडी घातली, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि एक जुनं गाणं धरलं. फार लांब ओळींचं होतं ते. छाती पुरत नाही म्हणून दोन लग्नसरायांपासून तिनं ते सोडून दिलं होतं, आणि नव्या सुनांपैकी पुष्कळजणींनी ते ऐकलंही नव्हतं. उठलेल्या बायका परत बसल्या. शेखरनं घड्याळ बघितलं, वरात खोळंबणार हे त्याला दिसत होतं, पण धवलेरी गाते तोवर बोलायची त्याची छाती नव्हती.

पहिली ओळ संपता संपता नवसाबाईनं यादवकडं मान वळवली. यादवची करंगळी खटक्यावर आधीच टेकलेली होती.